एकाच निवडणुकीची मतपत्रिका

आमच्या गल्लीतलं मतदान केंद्र एका घराच्या गॅरेजमध्ये असतं. सॅन फ्रान्सिस्कोत यात नवल नाही. घरमालक त्या दिवशी गाडी रस्त्यावर लावतो, सायकली भिंतीला टेकवून ठेवतो आणि कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी निवडणुकीची माणसं टेबल मांडून बसतात. ५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. माझ्या पुढच्या बाईंच्या हातात मोठाल्या कागदांची थप्पी होती. राष्ट्राध्यक्ष, महापौर, राज्याचे दहा प्रस्ताव, शहराचे पंधरा. टेबलामागच्या मुलीनं माझं नाव तपासलं आणि माझ्या हातात वेगळी मतपत्रिका ठेवली. तिच्यावर एकच निवडणूक होती, शिक्षण मंडळाची. चार जागा, अकरा उमेदवार.

मी आडोशाला गेले आणि थोडा वेळ नुसती उभी राहिले. या देशात येऊन अकरा वर्षं झाली. नवऱ्याचा नोकरीचा व्हिसा, माझा त्याला जोडलेला, आणि ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे हे घराघरांत ठाऊक आहे. भारतातलं मत द्यायचं तर मतदानाच्या दिवशी स्वतः गावात हजर असावं लागतं. ते एकदाही जुळून आलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात मतपत्रिका होती, आणि ती मला मिळाली होती ती मी एका आठवीतल्या मुलाची आई आहे म्हणून.

या शहरानं २०१६ च्या नोव्हेंबरात एक प्रस्ताव मंजूर केला. एकोणीस वर्षांच्या आतलं मूल असलेले आणि शहरात राहणारे आईवडील किंवा पालनकर्ते, मग ते नागरिक असोत वा नसोत, शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत मत देऊ शकतील. त्याआधी २००४ आणि २०१० मध्ये असाच प्रयत्न होऊन पडला होता. २०२२ मध्ये एका न्यायालयानं हा हक्क घटनाबाह्य ठरवला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयानं तो परत दिला. दर निवडणुकीला नव्यानं नाव नोंदवावं लागतं. आणि त्या नोंदणीच्या अर्जावर ठळक अक्षरांत एक सूचना असते, की तुम्ही इथे दिलेली माहिती इमिग्रेशन खात्याच्या हाती लागू शकते, आधी वकिलाचा सल्ला घ्या.

त्या सूचनेवर आमच्या घरी दोन रात्री बोलणं झालं. आमची कागदपत्रं चोख आहेत, हा अर्जही नागरिकांच्या अर्जाहून वेगळा आहे, तरी नवऱ्याचं म्हणणं होतं की उगाच कुठल्या यादीत नाव कशाला. त्याचं चूक नव्हतं. लेकाच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईनं अर्ज घरी नेला, आठवडाभर ठेवला आणि कोराच परत आणून मला दिला. "तू भर," एवढंच म्हणाली. मी भरला तेव्हा तिचा कोरा अर्ज शेजारीच पडलेला होता. अजूनही तो माझ्या खणात आहे. फेकवत नाही.

तर मत मिळालं. आता ते द्यायचं कुणाला?

आमच्या सनसेट भागात ३७व्या ॲव्हेन्यूवर दर रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. समुद्राकडून धुकं आलेलं असतं, पर्सिमनचे नारिंगी ढीग लागलेले असतात, आणि ऑक्टोबरात त्या ढिगांच्या मधूनमधून उमेदवार उभे असतात. अशाच एका उमेदवार बाईंनी माझ्या हातात पत्रक दिलं. त्यांचं नाव लिहीत नाही, आणि मी मत त्यांना दिलं की नाही तेही माझ्यापाशीच ठेवते. मला लिहायचं आहे ते त्या पत्रकावरच्या पाच ओळींबद्दल. वर ठळक लिहिलेलं, आपल्या सरकारी हायस्कुलांसाठी माझे प्राधान्यक्रम. खाली पाच मुद्दे: ताळमेळ असलेलं अंदाजपत्रक, पहिल्या दिवसापासून प्रत्येक वर्गात पात्र शिक्षक आणि त्यांना वेळेवर पगार, गणित, हजेरी आणि सुरक्षित शाळा, मंडळाचा खुला कारभार.

मी विचारलं, "यातलं पहिलं कुठलं?"

त्या म्हणाल्या, "जे पहिलं छापलंय तेच. पैसा."

माझा चेहरा उतरला असावा, कारण त्यांनी पत्रकांचा गठ्ठा टोपलीत ठेवला आणि मला बाजूला घेऊन नीट समजावलं. इथलं शिक्षण मंडळ म्हणजे सात निवडून आलेली माणसं, चार वर्षांची मुदत, महिन्याला मानधन ५०० डॉलर. या शहरात तेवढ्यात वाणसामान जेमतेम भागतं. शाळा चालवणारा अधीक्षक ही माणसं नेमतात, अंदाजपत्रक हीच मंजूर करतात. शाळांची तिजोरी रिकामी झाली आणि राज्याकडून कर्ज घ्यायची वेळ आली, की राज्य आपला प्रशासक बसवतं आणि निवडून आलेल्यांच्या हातून कारभार जातो. खाडीपलीकडे ओकलंडमध्ये २००३ साली हेच झालं. दहा कोटी डॉलरचं कर्ज, प्रशासक, आणि कारभार पुन्हा मंडळाच्या हाती यायला सहा वर्षं. आमच्या शहरातही २०२४ मध्ये तूट एवढी वाढली की राज्याचे तज्ज्ञ हिशेब तपासायला येऊन बसले होते. बाई म्हणाल्या, "मंडळालाच अधिकार उरला नाही, तर तुमच्या मताचं काय होणार?"

अकरा वर्षांनी मिळालेल्या मताबद्दल कुणी असं बोललं की ते आत जाऊन बसतं.

पैसा कुठून येतो हेही त्यांनीच सांगितलं, आणि तिथे मी चमकले. कॅलिफोर्नियात शाळांना मिळणारा राज्याचा बराचसा पैसा सरासरी रोजच्या हजेरीवर मोजतात. पटावर नाव आहे म्हणून भागत नाही, मूल वर्गात हवं. ज्या मुलाला सकाळी उठून शाळेत यावंसं वाटत नाही, त्याच्यामागचा पैसाही येत नाही. आणि ज्या शाळेत मुलांना यावंसं वाटत नाही, तिलाच पैशाची सगळ्यात जास्त गरज असते. शहरात मुलं कमी होत चालली आहेत. घरभाडी परवडत नाहीत म्हणून कुटुंबं बाहेर पडतात, आणि राहतात त्यांतलीही पुष्कळ खाजगी शाळेत जातात. सरकारी शाळांत आज साधारण पन्नास हजारांच्या आत-बाहेर मुलं उरली आहेत.

ऐकता ऐकता मला गावाकडचा पट आठवला. आमच्या साताऱ्याकडे जूनमध्ये शिक्षक घरोघर हिंडतात ते पटासाठी. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद जातं, पद गेलं की एक शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसतो, आणि ते बघून आणखी दोन आईबाप मुलाला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात घालतात. म्हणजे पट आणखी घसरला. दोन टोकांच्या दोन गावांत एकच फास आहे, फक्त तिकडे तो शिक्षकाच्या पदावर पडतो आणि इकडे डॉलरच्या रकमेवर.

धाकट्या भावाची बायको आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २१ आहे: समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका. कागदावरच्या समित्या मीही पुष्कळ पाहिल्या आहेत, मिनिटबुकावर सह्या घरपोच होतात. वहिनीनं मात्र ते पद अंगावर घेतलंय. मी तिला पाच मुद्दे वाचून दाखवले आणि विचारलं, तू असतीस तर पहिलं काय धरलं असतंस?

"मुलींचं बाथरूम," ती क्षणभरही न थांबता म्हणाली. "वन्सं, सातवीतल्या पोरी पाणी पीत नव्हत्या शाळेत. दिवसभर. मला माझ्या पुतणीनं सांगितलं तेव्हा कळलं. नळ जोडला, दाराला आतून कडी लावली, तवा कुठं हजेरी सुधारली. मास्तरांनी आधी वाचनकट्टा करू म्हटलेलं. करू की, पण पोरगी यायला तर पाहिजे."

आतून कडी. एका कडीची किंमत ती काय असेल. पण कुठल्या मुलीला काय अडतंय हे माहीत असलेलं माणूस समितीत असावं लागतं, तेव्हा ती कडी लागते. मला वाटतं शिक्षण मंडळ निवडून द्यायचं, ते पालकांमधून यायचं, याचं सगळ्यात खरं कारण हेच आहे.

मग माझा पहिला मुद्दा कुठला? त्या आठवड्यात मी यावर जितका विचार केला तितका बऱ्याच वर्षांत कशावर केला नव्हता.

पैशाचं पटलं, तरी मी पहिला क्रमांक शिक्षकाला देते. या शहरात २०२२ च्या सुरुवातीला पगारासाठी नवी संगणक प्रणाली आणली आणि शेकडो शिक्षकांचे पगार चुकले. कुणाला कमी, कुणाला शून्य, कुणाचा विमाच बंद. काही जण मुख्यालयात रात्रभर ठाण मांडून बसले. पुढे ती दुरुस्त करायला कोट्यवधी डॉलर गेले. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक घरानं हे बघितलंय. ज्या माणसाला या महिन्याचं भाडं कसं भरायचं याची चिंता आहे, तो नववीच्या पोरापुढे उभा राहून वर्गसमीकरण कसं शिकवणार? आमच्याकडे विनाअनुदानित शाळांतले शिक्षक वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा अर्ध्या पगारावर राबले, उन्हाळ्यात दुसऱ्याच्या रानात कामाला गेले, हे आपण जवळून पाहिलेलं आहे. त्यामुळे "वेळेवर पगार" हे दोन शब्द पत्रकावर दुसऱ्या ओळीत बघून मला आधी दुःख झालं आणि मग त्या बाईंबद्दल आदर वाटला. असली रुक्ष गोष्ट छापायला धीर लागतो. २०२१ मध्ये याच मंडळानं, शाळा महामारीनं बंद असताना, ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला होता. लिंकन, वॉशिंग्टन ही नावंसुद्धा त्यात होती. नावं महत्त्वाची नसतात असं मी म्हणणार नाही; आपण नामांतरांच्या प्रदेशातून आलेली माणसं आहोत. पण मुलं घरात बसून पडद्याकडे बघत होती, आणि शाळा कधी उघडणार याचं उत्तर पालकांना मिळत नव्हतं. तो ठराव पुढे मागे घेतला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत मतदारांनी मंडळातल्या तीन जणांना मुदत संपायच्या आधीच घरी पाठवलं. काय आधी आणि काय नंतर, एवढ्यावरून.

आता गणित. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा लेक आठवीत आहे आणि कारण हा वाद मला आतून कळतो.

इथे २०१४ पासून बीजगणित आठवीतून काढून सगळ्यांसाठी नववीत नेलं होतं. हेतू चांगला होता. पूर्वी आठवीतच मुलांची विभागणी व्हायची, पुढे गेलेल्या तुकडीत काळी आणि लॅटिनो मुलं फार थोडी असायची. सगळ्यांना एकत्र ठेवलं तर दरी कमी होईल, असा विचार. पण ज्याला बारावीपर्यंत कलनशास्त्राला पोचायचंय त्याला नववीत सुरुवात करून वर्षं पुरेनात. मग एकाच वर्षात दोन विषय कोंबायचे, किंवा उन्हाळ्यात पैसे भरून बाहेर शिकायचं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी तेच केलं. दरी बुजवायला शाळेतली शिडी काढली, आणि ज्यांच्या घरी शिडी होती तेवढेच चढले. २०२४ च्या मार्चमध्ये शहरानं या प्रश्नावर सल्लादर्शक मतदान घेतलं. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, आठवीत बीजगणित परत आणा. मंडळानं त्याच सुमाराला ते परत आणायचं ठरवलं होतंच.

मी रयत शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात शिकले. आमच्या वर्गात पाटलांचा मुलगा होता आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलगीही, आणि बीजगणित-भूमिती दोघांनाही तीच. सर मागच्या बाकावरच्यांना संध्याकाळी थांबवून घ्यायचे. फी नाही, क्लास नाही, एक कंदील आणि खडू. म्हणून मला दोन्ही बाजूंचं अर्धं पटतं. सगळ्यांना एकच गणित द्यावं, हे खरं. पण ते देताना मागच्या बाकाला संध्याकाळचा तास द्यावा लागतो, आणि त्या तासाचा शिक्षकाला पगार द्यावा लागतो. तो तास न देता नुसता अभ्यासक्रम पुढे ढकलला की समता येत नाही. मी त्या बाईंना हेच विचारलं: आठवीत बीजगणित आणाल, पण ज्याला सातवीचे अपूर्णांकच येत नाहीत त्याच्यासाठी संध्याकाळी कोण थांबेल? त्यांनी वहीत लिहून घेतलं. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं.

आणखी एक गोष्ट आहे जी कुठल्याच पत्रकात नव्हती. इथल्या हायस्कुलातून बाहेर पडायला जे विषय लागतात, तेच बहुतेक कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशाला लागतात. पंधरा अभ्यासक्रम, ठरलेल्या विषयांत. पण शाळेत एखाद्या विषयात 'डी' श्रेणी मिळाली तरी मूल पास होतं, आणि विद्यापीठाला मात्र किमान 'सी' लागते. म्हणजे मूल टोपी घालून पदवीदान समारंभात फोटो काढतं, आईबाप रडतात, आणि त्या मुलाला विद्यापीठाचं दार दहावीतल्या एका 'डी'नं कधीच बंद झालेलं असतं. ज्यांचे आईवडील इथल्या कॉलेजात शिकलेत त्यांना हे माहीत असतं. ते लगेच उन्हाळ्यात तो विषय पुन्हा करायला लावतात. माझ्यासारखीला, किंवा ज्या आईचा कोरा अर्ज माझ्या खणात आहे तिला, हे कोण सांगणार? तिच्या दृष्टीनं पोरगं पास झालं. आपल्याकडे पस्तीस मार्कांची रेघ सगळ्यांना ठाऊक असते, पानटपरीवरसुद्धा. इथली रेघ दिसत नाही. माझ्या हातात असतं तर मी सहावा मुद्दा लिहिला असता: 'डी' मिळाल्याच्या आठवड्यात घरी फोन, आईला कळेल त्या भाषेत.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. पणजी रोज दळायला बसायच्या आधी एक मूठ धान्य बाजूच्या गाडग्यात टाकायची. ते रयतच्या वसतिगृहासाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये संस्था काढली, आणि पुढे बोर्डिंगातल्या मुलांचं जेवण गावोगावच्या अशा मुठींवर चाललं. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचा स्वतःचा मुलगा त्या बोर्डिंगात नव्हता. पण आजी सांगायची, शाळेचे मास्तर रस्त्यात भेटले की पणजी थांबवून विचारायची, पोरं काय शिकली? आणि मास्तर उभे राहून सांगायचे. मूठ टाकली होती म्हणून विचारायचा हक्क होता, आणि तो कुणी तिच्याकडे कागद मागून तपासला नव्हता.

गॅरेजमधल्या त्या आडोशाला मला ती मूठ आठवत होती. नागरिकत्व मला मिळेल तेव्हा मिळेल. त्याच दिवशी शहराच्या मतपत्रिकेवर शाळांच्या इमारतींसाठी ७९ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायचा प्रस्ताव होता, त्यावर मला मत नव्हतं. गळकी छपरं, जुनी वायरिंग, मुलांचं स्वयंपाकघर, सगळं त्यात. तो मंजूर झाला, भरघोस मतांनी. शेजारच्या आडोशाला कुणीतरी माझ्या मुलाच्या छपरासाठी गोल भरत होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

मी चार गोल भरले. क्रम मी मनाशी ठरवून आले होते: आधी जो शिक्षकाबद्दल नेमकं बोलला, मग जो पैशाबद्दल खरं बोलला. बाहेर पडताना चार भाषांत 'मी मत दिलं' लिहिलेली चिकटपट्टी मिळाली. लेकानं ती माझ्याकडून काढून घेऊन आपल्या गणिताच्या वहीवर लावली.

मंडळाच्या सभा मंगळवारी संध्याकाळी असतात, फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या मुख्यालयात. कुणीही जाऊन बोलू शकतं, वेळ मोजून मिळतो. एका सभेसाठी मी 'डी' श्रेणीबद्दल बोलायचं ठरवलं, पानभर लिहून काढलं आणि आदल्या संध्याकाळी वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. तिकडे सकाळ होती, मागे पोषण आहाराची भांडी वाजत होती. तिला मी मराठीत करून सांगत होते. ती मधे बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "वन्सं, लई लांबलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढं मी आधी पोरीचं नाव घेते आणि तिला काय अडलंय ते सांगते. तेवढ्यात ऐकतात. बाकीचं मागनं कागदावर द्यायचं."

नाव तर मला घेता येणार नव्हतं. पण तो कोरा अर्ज खणातून काढून मी समोर ठेवला, आणि पहिलं वाक्य त्या आईपासून सुरू करून पुन्हा लिहायला बसले.